डोक्यावरची लाल फुली म्हणजे ‘थांबा’ नव्हे: लेनच्या दिव्यांबाबत या चुका टाळा

नाशिकच्या द्वारका चौकात लाल दिवा लागला की पाय आपोआप ब्रेकवर जातो. महामार्गावरच्या कमानीत लाल फुली दिसली तरी तो तिथेच जातो, आणि घोळ होतो तो इथेच.

ही फुली ‘थांबा’ म्हणत नाही, ‘या लेनमधून बाहेर पडा’ म्हणते. पुढे ट्रक बंद पडला असेल, अपघात झाला असेल किंवा रस्त्याचं काम चालू असेल. चौकातला लाल दिवा मिनिटा-दोन मिनिटांत हिरवा होतो. ही फुली काम संपेपर्यंत तशीच राहते. तिची वाट बघत उभे राहिलात, तर मागून शंभरच्या वेगाने येणाऱ्याला तुम्हीच अडथळा. आरसा बघा, इंडिकेटर द्या, वेग हळूहळू उतरवा आणि हिरवा बाण असलेल्या लेनमध्ये सरका. जागाच मिळेना, तर फुलीच्या अलीकडे अगदी हळू व्हा, पण तिच्याखालून पुढे जाऊ नका.

काहींचं उलटं असतं. ‘समोर तर मोकळंच दिसतंय’ म्हणत ते त्याच लेनमधून गाडी दामटतात. अहो, ती लेन रुग्णवाहिकेसाठीसुद्धा मोकळी ठेवलेली असू शकते! बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन एक्सप्रेसवेवर सात लेन आहेत आणि मधे दुभाजक नाही. गर्दीच्या वेळेनुसार लेनची दिशाच बदलतात. तिथे फुली न जुमानणं म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीच्या अंगावर जाणं. इंग्लंडमध्ये जून २०१९ पासून असे चालक कॅमेऱ्याने पकडले जातात. दंड १०० पौंड, शिवाय लायसन्सवर ३ दंडगुण.

हिरवा बाण खाली तोंड करून असतो, म्हणून तो ‘पुलावरून खाली उतरा’ सांगतोय असं समजू नका. त्याच्याखालची लेन चालू आहे, एवढंच. गावांची नावं लिहिलेल्या फलकावरचे पांढरे बाण वेगळे: ते कोणती लेन कुठे जाते हे दाखवतात, उघडी की बंद हे नाही.

पिवळा तिरका बाण म्हणजे लेन पुढे बंद होतेय, बाणाच्या बाजूला व्हा. अमेरिकेत याच कामाला पिवळी फुली लावतात. मला ती पटत नाही. कोणत्या बाजूला जायचं हे ती सांगतच नाही.

टोलनाक्याच्या छपरावरही हीच फुली आणि हेच बाण असतात. सरावाला ती जागा बरी, कारण वेग कमी असतो. रांगेत शिरण्याआधी वर बघा. चुकून बंद लेनमध्ये शिरलात, तर रिव्हर्स मारू नका. कर्मचाऱ्याला हाक मारा.

दुपारनंतर मुंबईकडे निघालात की ऊन समोरून डोळ्यांत येतं आणि दिव्याचा रंग फिका पडतो. इगतपुरीच्या धुक्यातही तेच. अशा वेळी रंग शोधत बसू नका, आकार बघा: फुली की बाण. दिवाच बंद दिसला, तर लेन चालू आहे असं गृहीत धरू नका. वेग कमी ठेवा आणि पुढे शंकू किंवा झेंडीवाला दिसतोय का ते बघा.