'समाधान मान' म्हटल्यानं झोप येत नाही: चाळिशीनंतर या चुका टाळा

दिवसभर वावरात कापूस वेचून आलेली, पाळी जायच्या वयातली बाई म्हणते, "अंगातून वाफा निघतात, रातभर डोळ्याले डोळा नाही." आमच्या गावात यावर उत्तर ठरलेलं: "घर आहे, लेकरं आहेत, आणखी काय पायजे तुले? समाधान मान." पहिली चूक इथंच होते. कृतज्ञता म्हणजे तोंड बंद करायचं झाकण नव्हे. तक्रार आत राहते, वर 'मीच कृतघ्न' ही बोचणी बसते.

दुसरी चूक मला याहून वाईट वाटते. "तिचा नवरा गेला, तुहा तर आहे." दुसरीच्या दुःखावर आपलं समाधान मोजायचं, आणि तेही ती समोर असताना!

रोज चांगल्या गोष्टी लिहून कृतज्ञतेची वही भरायचा हट्टही नको. 2003 साली रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग छापले. त्यातल्या एकात विद्यार्थी दहा आठवडे, आठवड्यातून एकदाच, चांगल्या वाटलेल्या पाचेक गोष्टी लिहीत. कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा ते जास्त समाधानी निघाले. म्हणजे बचत गटाच्या बैठकीआधी एक गोष्ट आठवली तरी चालेल. फक्त ती नेमकी हवी. 'देवाची कृपा' नको. 'काल जाऊबाईनं गाठोडं डोक्यावर चढवून दिलं' असं. आणि ते जाऊबाईला सांगा. पहिल्यांदा दोघीही लाजाल.

आता सगळ्यात महाग पडणारी चूक: 'वय झालं' म्हणून सोडून देणं. कापसावरची गुलाबी बोंडअळी बाहेरून दिसत नाही, बोंड फोडून पाहावं लागतं, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. स्वतःच्या शरीराचं मात्र आपण वरवरच पाहतो. भारतात पाळी साधारण 46-47 व्या वर्षी जाते. त्याआधी काही वर्षं घाम, धडधड, चिडचिड, झोपमोड होऊ शकते. पण रक्त कमी असलं तरी धडधड होते, थायरॉईड बिघडलं तरीही. दोन्ही तपासून घ्या. सलग 12 महिने पाळी नसताना पुन्हा रक्त दिसलं, तर वेचणी संपायची वाट पाहू नका, लगेच डॉक्टरकडे जा.

मन फारच उदास असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा फोन फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. घरातला फोन नवऱ्याच्या खिशात असतो, हे मला माहीत आहे. आशाताईच्या फोनवरून लावा.