ड्रम फिरत नाही? बोर्ड बदलण्याआधी मोटर तपासा

वॉशिंग मशीनचा ड्रम जागचा हलत नाही, किंवा दोन झटके देऊन थांबतो आणि डिस्प्लेवर एरर येते. अशा वेळी पहिला संशय मशीन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर जातो. बोर्ड खरोखर गेलेला असतोही, पण पुष्कळदा त्याला कोणीतरी मारलेलं असतं. ते कारण न शोधता नवा बोर्ड बसवला, तर तोही त्याच वाटेने जातो. म्हणून आधी ड्रम आणि पट्टा, मग वायरिंग, मग मोटर आणि बोर्ड सगळ्यात शेवटी.

प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. इन्व्हर्टर मशीनच्या (चुंबकाची मोटर तीन फेजवर चालवणाऱ्या) बोर्डावरचे मोठे कॅपॅसिटर प्लग काढल्यावरही 300 व्होल्टच्या वर डीसी धरून बसतात. दहा मिनिटं थांबा, मीटर डीसीवर ठेवून व्होल्टेज जवळपास शून्यावर आल्याची खात्री करा, मगच हात घाला.

ड्रम हाताने फिरवून पाहा. अडत असेल तर आत नाणं, हूक किंवा बेअरिंगचा घोळ आहे. पट्टा उतरलेला असेल तर तो बसवा. बऱ्याच फ्रंट लोडमध्ये मोटरीचा सप्लाय दाराच्या लॉकमधल्या कॉन्टॅक्टमधून जातो. लॉकचा ‘टक’ आवाज आला तरी आतला कॉन्टॅक्ट जळलेला असू शकतो, तेव्हा तो विसरू नका.

पुढचं काम मोटर कोणती यावर ठरतं. पट्टा आणि दोन कार्बन (फिरत्या भागावर घासून करंट देणारे ब्रश) असतील तर युनिव्हर्सल मोटर. शेजारी कॅपॅसिटर असेल तर साधी इंडक्शन मोटर. तीन फेजच्या वायरी आणि रोटरमध्ये चुंबक असतील तर इन्व्हर्टर.

युनिव्हर्सल मोटर

या मोटरीचा वेग बोर्डावरचा ट्रायक (एसी करंट कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) ठरवतो, आणि ड्रम किती वेगाने फिरतोय हे बोर्डाला मोटरीच्या मागच्या टोकावरचा टॅको सांगतो. टॅको म्हणजे एक कॉइल आणि शाफ्टवर बसवलेलं गोल चुंबक. सिग्नल आला नाही की बोर्ड एखाद-दोन झटके देऊन हात आखडता घेतो. ‘झटका देऊन एरर’ हे लक्षण दिसलं तर सुरुवात इथून करा.

टॅकोचा रेझिस्टन्स मोटरीपाशी नव्हे, बोर्डाच्या बाजूच्या कनेक्टरवर मोजा. म्हणजे मधली वायरही तपासली जाते. मॉडेलप्रमाणे काही दशक ओहमपासून हजारभर ओहमच्या वरपर्यंत रीडिंग येतं. ओपन (म्हणजे सर्किट तुटलेलं) दाखवलं तर मोटरीपाशी जाऊन परत मोजा. तिथे बरोबर आलं तर वायर तुटली आहे, बहुधा ड्रमबरोबर हलणाऱ्या वळणावर. कॉइल ठीक असेल तर मीटर एसी व्होल्टवर ठेवून मोटर हाताने जोरात फिरवा. थोडं तरी व्होल्टेज दिसलं पाहिजे. कॉइल चांगली असूनही काहीच दिसत नसेल तर मागचं झाकण काढून चुंबक बोटाने फिरवून बघा. ते शाफ्टवर सैल होऊन नुसतं गरगरत असतं, आणि हा दोष ओहम मोजून कधीच सापडत नाही.

मग कार्बन. मूळ लांबीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी उरले असतील तर दोन्ही एकदम बदला. कार्बनच्या दोन वायरींवर मीटर लावून शाफ्ट अगदी सावकाश फिरवा. रीडिंग काही ओहमच्या आसपास डोलत राहिलं तर ठीक. एका ठरावीक जागी ते उसळी मारत असेल तर तिथली कॉइल तुटली आहे किंवा कम्युटेटरची (कार्बन ज्यावर घासतात त्या तांब्याच्या भागाची) पट्टी उचलली आहे. अशा मोटरीत नवे कार्बन घालणं म्हणजे कार्बन वाया घालवणं.

शेवटी कनेक्टर सोडवून प्रत्येक पिन आणि मोटरीची बॉडी यांच्यामध्ये तपासा. साध्या मीटरवर ओपन दिसलं पाहिजे. 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) असेल तर उत्तम, त्यावर 1 मेगओहमच्या खाली आलेली मोटर लावू नका. कार्बनची भुकटी साचून बॉडीला लीकेज होतं आणि ट्रायक जायला तेवढं पुरतं.

कॅपॅसिटरची मोटर

मोटर गुणगुणते पण फिरत नाही, आणि हे दोन्ही दिशांना होतं, तर आधी कॅपॅसिटर मोजा. मायक्रोफॅरडचा आकडा त्याच्यावर छापलेला असतो. 10 टक्क्यांहून जास्त खाली आला असेल तर बदला. वॉश मोटरीत कॉमन वायरपासून दोन्ही वाइंडिंगचं रीडिंग जवळपास सारखं यायला हवं. एकाच दिशेला फिरत असेल तर कॅपॅसिटर सोडा, त्या दिशेचा ट्रायक किंवा त्याची वायर बघा.

इन्व्हर्टर

प्लग काढलेला असताना ड्रम जड लागतो आणि मोटरीचा कनेक्टर काढताच मोकळा होतो? मग बोर्डावरचा पॉवर मॉड्यूल (मोटरीला तीन फेज देणारा भाग) शॉर्ट आहे. कनेक्टर काढूनही जड असेल तर वाइंडिंग किंवा बेअरिंग पाहा. तिन्ही फेजच्या जोड्यांचा रेझिस्टन्स एकसारखा असावा. तो सारखा असूनही मोटर थरथरते आणि थांबते, तर हॉल सेन्सर (रोटरची जागा बोर्डाला सांगणारा) आणि त्याचा कनेक्टर बघा; तिथे ओल आणि साबणाचा थर चढतो.

आता बोर्ड

ड्रम सुरू होताच एकदम पूर्ण वेगाने पळत असेल तर युनिव्हर्सल मोटरीचा ट्रायक शॉर्ट धरा. हीटसिंकवर (थंड ठेवणाऱ्या धातूच्या तुकड्यावर) बसवलेल्या ट्रायकच्या दोन मुख्य पायांमध्ये शून्याजवळ ओहम आले की शंका उरत नाही. एकाच दिशेला फिरणं हे युनिव्हर्सल मोटरीत दिशा बदलणाऱ्या रिलेचं काम: कॉन्टॅक्ट चिकटलेले किंवा त्याच्या सोल्डरला बारीक गोल भेग.

ट्रायक बदलताना नंबर नीट वाचा. बीटीए मालिकेत धातूचा टॅब इन्सुलेटेड असतो, बीटीबीमध्ये नसतो. बीटीएच्या जागी बीटीबी तसाच स्क्रूने आवळला तर अख्खा हीटसिंक करंटवर येतो.