परसातल्या कोंबड्या मुंगूस, कोल्हा, रानमांजर यांच्यापासून कशा राखाव्यात

आमच्या सावंतवाडीकडच्या घरी एका पावसाळ्यात सकाळी खुराड्याचं दार उघडलं, तर आत 11 तलंगा मरून पडलेल्या. अंड्यावर यायला आठ-पंधरा दिवस उरले असतील. सगळ्यांच्या मानेवर चावे होते, खाल्लेली मात्र एकही नव्हती. वाडीतल्या सगळ्यांनी कोल्ह्याचं नाव घेतलं. मीही ते खरं मानलं आणि दाराला दुसरी कडी लावली. चार दिवसांनी आणखी तीन गेल्या. त्या दिवशी उजाडून तासभर झाला तरी दार उघडायचं राहिलं होतं. आत आलं होतं मुंगूस, तेही धुतल्याचं पाणी जायला भिंतीत ठेवलेल्या भोकातून. दाराला कितीही कड्या लावल्या असत्या तरी त्या 11 वाचल्या नसत्या.

म्हणून जाळी विकत आणण्याआधी कोण येऊन गेलं ते ओळखा. पायरी पहिली हीच.

मेलेली कोंबडी उचलण्यापूर्वी पाच मिनिटं नुसतं बघा. मानेवर किंवा डोक्यावर बारीक दातांचे चावे, बऱ्याच कोंबड्या मेलेल्या आणि मांस जागच्या जागी असेल, तर मुंगसाचा संशय घ्यावा. मुंगूस दिवसा फिरतं, त्यामुळे ही हानी बहुधा पहाट ते संध्याकाळ या वेळात होते. अंगणभर पिसं विखुरलेली, कोंबड्या पाठीवर-मांडीवर फाडलेल्या आणि तशाच टाकलेल्या असतील, तर ते कुत्र्यांचं काम. मोकाट कुत्री टोळीने आली तर अर्ध्या तासात सगळं खुराडं संपवतात. एखादीच कोंबडी अख्खी गायब आणि पिसांची रेघ गडग्यापर्यंत किंवा उसाच्या कडेपर्यंत गेलेली असेल, तर कोल्हा किंवा रानमांजर. उदमांजरही रात्री येतं, आणि ते छपरावर सहज चढतं. अंडी टरफलासकट नाहीशी झाली तर साप. टरफलं फुटलेली सापडली तर मुंगूस, घोरपड किंवा कावळा. पिल्लं एकेक करून कमी होत असतील, तर दिवसा आकाशाकडे लक्ष ठेवा आणि रात्री जमिनीतल्या बिळांकडे. घूस रात्रीत पिल्लू ओढून नेते.

अंगावर एकही जखम नाही आणि कोंबड्या मरतायत, असं असेल तर तो बहुधा रोग आहे. आधी मान वाकडी होणं, हिरवट हगवण ही लक्षणं दिसली असतील तर मानमोडीची शंका घेऊन लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. आजारी कोंबडी पळू शकत नाही आणि जनावर आधी तिलाच धरतं. त्यामुळे पुष्कळदा रोग झाकला जातो आणि दोष मुंगसाला लागतो.

कोल्हा आणि खोकड यांच्यातही घोटाळा होतो. खोकड अंगाने लहान, कान मोठे, शेपटी झुबकेदार आणि टोकाला काळी. ती माळरानावर राहते, उंदीर, किडे, सरडे, बोरं खाते. घाटावरच्या शेतकऱ्याला ती उंदीर मारून उपयोगीच पडते. कोंबडीवर येणारा बहुतेक वेळा कोल्हा असतो, आणि त्याला गावाकडे ओढून आणते ती उघड्यावर टाकलेली घाण आणि मेलेली जनावरं.

पायरी दुसरी: रात्रीचं घर पक्कं करा. तुमच्याकडे पैसे थोडेच असतील तर सगळे इथे घाला. कोंबडीला अंधारात फारसं दिसत नाही. दांडीवर बसली की ती शेजारचीला ओढून नेली तरी जागची हलत नाही. दिवसा उघड्यावर तिला निदान पळता येतं, रात्री तिची भिस्त पूर्णपणे भिंतींवर असते.

जमिनीपासून सुरुवात करा. कोकणात चिरा, म्हणजे जांभा दगड, हाताशी असतो. चिऱ्यांची एक थर जमीन करून सांधे सिमेंटने भरले की घूस खालून येत नाही. घाटावर फरशी किंवा कोबा चालतो. कच्ची जमीनच ठेवायची असेल तर भिंतीला लागून बाहेरच्या बाजूला दोन फूट रुंद जाळी आडवी अंथरा, भिंतीला तारेने बांधा, वर माती आणि दगड घाला. उकरणारं जनावर भिंतीच्या अगदी मुळाशी उकरायला लागतं. तिथे पंजा जाळीला अडला की दोन फूट मागे सरून खणावं हे कोल्ह्याला किंवा कुत्र्याला सुचत नाही. लाकडी खुराडं असेल तर ते दोन-अडीच फूट खांबांवर उचला आणि प्रत्येक खांबाला गुळगुळीत पत्र्याची पट्टी गुंडाळा, म्हणजे उंदीर आणि साप वर चढत नाहीत.

मग जाळी. दुकानात ‘कोंबडी जाळी’ म्हणून षटकोनी भोकांची पातळ जाळी देतात. तिने कोंबड्या आवरतात, एवढाच तिचा उपयोग. कुत्रा ती दाताने ओढून फाडतो, मुंगसाचं पिल्लू भोकातून शिरतं आणि रानमांजर पंजा घालून जाळीला टेकून बसलेल्या कोंबडीला ओरबाडतं. अर्ध्या इंची चौकोनी वेल्डमेश, म्हणजे तारा एकमेकींना वेल्डिंगने जोडलेली जाळी, मागा. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हे लक्षात ठेवून 18 गेज किंवा त्याहून जाड तार घ्या. अंडं गिळू शकेल एवढा साप या जाळीतून येत नाही. सगळं खुराडं या जाळीचं करायची गरज नाही: खालचे दोन-तीन फूट, सगळ्या खिडक्या आणि छप्पर-भिंतीमधली फट एवढं केलंत तरी पुष्कळ. जाळी नुसत्या खिळ्यांनी ठोकू नका. लाकडी पट्टी वर दाबून स्क्रू मारा.

छपराखालची फट बंद करायची म्हणून वारा मात्र अडवू नका. कोंदट खुराड्यात विष्ठेचा उग्र वास साचतो आणि कोंबड्यांना सर्दी-खोकला धरतो. फट राहू द्या, तिच्यावर जाळी बसवा. बसायच्या दांड्या जाळीपासून फूटभर आत घ्या आणि दर कोंबडीमागे आठ-दहा इंच जागा धरा.

दाराला सरकती कडी आणि तिच्यात अडकवायचा हूक, दोन्ही हवं. नुसती फिरती लाकडी पट्टी धक्क्याने फिरते. दाराखाली, कडेला, पाण्याच्या भोकाला, कुठेही दोन बोटं जातील एवढी जागा दिसली तर ती बंद करा. मी आता दर महिन्याला रात्री खुराड्यात बॅटरी लावून बाहेरून फिरते. जिथून उजेड बाहेर येतो तिथे चुन्याने खूण करते आणि सकाळी बुजवते. कोकणच्या पावसात आणि खाऱ्या हवेत जाळीची खालची कड आधी गंजते, म्हणून दसऱ्याच्या सुमारास ती हाताने ओढून बघावीच.

पायरी तिसरी, दिवसाची. भोवतालचं दहा फूट रान साफ ठेवा. जळाऊ लाकडांची रास, सोडणांचा, म्हणजे नारळाच्या सालांचा, ढीग, पडका गडगा ही मुंगसाची आणि सापाची घरं; ती खुराड्याला चिकटून नकोत. सांडलेलं खाद्य रोज झाडा आणि पोतं पत्र्याच्या डब्यात ठेवा. धान्याला उंदीर येतो आणि उंदरामागे धामण, नाग येतात. अंडी दिवसातून दोनदा काढा.

घार, शिक्रा आणि कावळा यांना मुख्यतः पिल्लं हवी असतात. पहिले सहा ते आठ आठवडे पिल्लं आईसकट डालग्याखाली किंवा वरून झाकलेल्या आवारात ठेवा. किनाऱ्यालगत मच्छीमारांची जुनी जाळी सहज मिळते, ती वर ताणून बांधली की काम होतं. जमिनीलगत मात्र असली सैल जाळी सोडू नका. तिच्यात साप अडकून तडफडतो आणि तो सोडवायला जाणाऱ्याच्या जिवालाही धोका असतो. आवारात केळ, अळू, करवंद अशी झुडपं असू द्या, कोंबड्यांना वरून आलेल्या संकटात आडोसा मिळतो. कळपात एक जाणता कोंबडा हवाच. आकाशातल्या धोक्याला तो वेगळा आवाज काढतो आणि जमिनीवरच्या धोक्याला वेगळा. थोड्या दिवसांत तुम्हालाही तो फरक कळायला लागेल.

हल्ला झालाच तर त्याच दिवशी भोक शोधून बंद करा. ज्याला एकदा खाणं मिळालं ते जनावर बहुधा पुन्हा येतं. मेलेल्या कोंबड्यांना उघड्या हाताने शिवू नका, खोल खड्ड्यात चुना घालून पुरा. त्या व्हाळात (ओढ्यात) किंवा रस्त्याकडेला टाकल्या तर आणखी जनावरं येतात. भरदिवसा माणसाला न भिता अंगावर येणारा कोल्हा पिसाळलेला असू शकतो. त्याच्या जवळ जाऊ नका, वनविभागाला 1926 या क्रमांकावर कळवा. बिबट्याचे ठसे दिसले तरीही हाच क्रमांक. चावा लागला असेल तर जखम साबणाने भरपूर वाहत्या पाण्याखाली धुऊन तातडीने दवाखाना गाठा.

संताप मला समजतो. ती 11 पाखरं मी पिल्लापासून वाढवली होती. तरीही विष घालू नका, फासे लावू नका आणि तारेत वीज तर कधीच सोडू नका. कोल्हा, मुंगूस, रानमांजर, उदमांजर, घोरपड, नाग या सगळ्यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 चं संरक्षण आहे. कायदा बाजूला ठेवला तरी विषाचं मांस शेजाऱ्याचा कुत्रा खातो, घार खाते. विजेच्या तारेला तर रात्री परसात गेलेलं घरचंच माणूस चिकटतं. आणि एक मुंगूस मारलंत तरी भोक उघडं असेपर्यंत त्याच्या जागी दुसरं येणार.

शेवटचं काम रोजचं. दिवेलागणीला कोंबड्या आपल्या पायांनी खुराड्यात शिरतात, तेव्हा मोजा. आकडा जुळेपर्यंत दार लावू नका. एखादी कमी असेल तर ती बहुधा झाडावर बसलेली असते किंवा खुडूक होऊन कुठल्या झुडपात अंड्यांवर बसलेली असते. अंधार पडायच्या आत सापडली तर तिला अंड्यांसकट टोपलीत उचलून आत आणा.