फ्रान्सच्या सायलोतल्या अणु-मिसाईल्सचा इतिहास वाचायचाय? मग आधी नकाशा उघडा

मिसाईलचा विषय निघाला की लोक आधी रेंज आणि किलोटन (स्फोटाची ताकद) विचारतात आणि तिथेच अडकतात. फ्रान्सचे आकडे कितीही पाठ केले तरी एवढा खर्च करून पंचवीस वर्षांत यांनी सगळं गुंडाळलं का, हे काही त्यातून कळत नाही. म्हणून सुरुवात नकाशापासून करा.

गूगल मॅपवर दक्षिण फ्रान्समधलं सें-क्रिस्तोल शोधा, प्रोव्हान्समध्ये आहे, आजूबाजूला लव्हेंडरची शेतं. हे आल्बिओं पठार, फ्रान्सच्या अणु-मिसाईल्सचे सायलो, म्हणजे जमिनीत खोदलेले खड्डे, इथेच होते. अंतर मोजायचं टूल घेऊन तिथून मॉस्कोपर्यंत रेघ ओढा, साधारण 2,600 किमी येतात. आता इथल्या पहिल्या मिसाईलची, एस-2 ची रेंज बघा, 3,000 किमीच्या आसपास. म्हणजे मिसाईल कोणाला डोळ्यासमोर ठेवून बनवली ते वेगळं सांगायला नको. पठारावर वस्ती विरळ, खाली चुनखडीचा कडक खडक, आणि सोव्हिएत सीमेपासून फ्रान्सच्या मानाने बऱ्यापैकी लांब, म्हणून ही जागा.

मग थोडं मागे जा. 1959 मध्ये मिसाईल बनवण्यासाठी सेरेब नावाची संस्था निघाली, 1960 च्या फेब्रुवारीत सहारात पहिली अणुचाचणी झाली, बॉम्ब तर आला पण तो नेणारं रॉकेट कुठे होतं? त्यासाठी अल्जीरियातल्या हम्मागीरवरून आगात, तोपाझ, एमेरोद, साफिर अशी रत्नांच्या नावांची टेस्ट रॉकेट्स उडवत बसले. हा भाग घाईत वाचू नका, कारण याच मालिकेतून दियामाँ रॉकेट आलं आणि 26 नोव्हेंबर 1965 ला त्याने आस्तेरिक्स उपग्रह वर सोडला. अमेरिका आणि रशियानंतर स्वतःच्या रॉकेटने उपग्रह सोडणारा तिसरा देश, आणि काम मुळात मिसाईलचं चाललेलं!

1971 मध्ये एस-2 ड्युटीवर आली. दोन टप्पे, घन इंधन, 120 किलोटनचं वॉरहेड. सायलो 27 करायचे होते, झाले 18. इथे बहुतेकांचा गोंधळ होतो की रशियाकडे हजारो असताना 18 ने काय होणार. पण हिशोब वेगळा होता, हे 18 खड्डे एकदम उडवायचे तर शत्रूला फ्रान्सवर उघड उघड मोठा अणुहल्ला करावाच लागेल, चोरून काही करता येणार नाही, आणि तसं झालं की फ्रान्सच्या अणु-मिसाईलवाल्या पाणबुड्यांनी उत्तर द्यायला कारण मिळतंच. थोडक्यात, खड्ड्यांनी मार ओढवून घ्यायचा. माझ्या मते पूर्ण विषयात हीच गोष्ट सगळ्यात डोकेबाज आणि सगळ्यात भयानक आहे, पठारावर राहणाऱ्या शेतकऱ्यांना कोणी विचारलं असेल का देव जाणे.

1980 पासून एस-3 आली, 1.2 मेगाटन म्हणजे आधीच्या दहापट, रेंज 3,500 किमी. पुढची एस-45 ची तयारी 1991 मध्ये रद्द झाली. एका जागी गाडलेल्या सायलोचा पत्ता सगळ्यांना माहीत, समोरच्याचा नेम सुधारत गेला, वर शीतयुद्धच संपलं. फेब्रुवारी 1996 मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी आल्बिओं बंद करायची घोषणा केली आणि त्याच सप्टेंबरात मिसाईल्स ड्युटीवरून उतरल्या. सायलोबाहेरच्या, कमी पल्ल्याच्या मिसाईल्स, म्हणजे चिलखती गाडीवरची प्ल्युतों (120 किमी) आणि नंतरची हादेस (480 किमी), यांना वाचायला एक संध्याकाळ पुरे. त्यांच्या रेंजची रेघ फ्रान्सच्या पूर्व सीमेवरून ओढून बघा, प्ल्युतों पडणार थेट पश्चिम जर्मनीत, म्हणजे मित्राच्याच अंगणात, मग जर्मन का वैतागायचे ते लगेच कळतं.

प्रत्यक्ष बघायचंय तर पॅरिसजवळ ल बुर्जेच्या विमान संग्रहालयात खरी एस-3 ठेवलीये. आणि कधी दक्षिणेत गेलात तर पठाराजवळच्या रुस्त्रेल गावाबद्दल आधी नक्की वाचून जा. तिथे डोंगराच्या पोटात, सुमारे 500 मीटर खडकाखाली फायरिंगची खोली होती, दोन अधिकाऱ्यांनी एकाच वेळी किल्ल्या फिरवल्याशिवाय काही उडणार नाही अशी व्यवस्था. अणुस्फोटाचा विद्युत-चुंबकीय झटका आत येऊ नये म्हणून तिला स्टीलचं कवच, हादरे बसू नयेत म्हणून खाली शॉक अॅब्सॉर्बर. आज तिथे प्रयोगशाळा आहे, त्याच कवचामुळे बाहेरचा गोंगाट आत येत नाही आणि अतिशय बारीक चुंबकीय बदल मोजता येतात. सें-क्रिस्तोलच्या तळावर मात्र अजून लष्कर आहे, फॉरेन लीजनची (फ्रेंच सैन्यातल्या परदेशी सैनिकांच्या दलाची) इंजिनिअर रेजिमेंट, त्यामुळे तिथल्या गेटजवळ फोटो काढायच्या भानगडीत पडू नका.