घरी बांधलेल्या विमानाच्या कॅनोपीची लॅच कशी बनवावी आणि बसवावी

किटमधून विमान बांधणारे पंखांवर आणि इंजिनावर वर्षं घालवतात आणि कॅनोपीची, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाची, लॅच (कडी) शेवटच्या आठवड्यात उरकतात. तसं करू नका. उडताना कॅनोपीच्या पाठीवरून हवा वेगाने सरकते, तिथला दाब उतरतो आणि काच वर ओढली जाते. ताशी २०० किमीला हवेचा गतिदाब चौरस मीटरला जवळपास १९० किलो भरतो. त्यातला अर्धा जरी वर ओढू लागला, तरी प्रत्येक चौरस मीटरला ज्वारीचं क्विंटलभराचं पोतं उचललं जातंय असं समजा. कपाटाच्या कडीचं हे काम नव्हे.

किटच्या ड्रॉइंगमध्ये लॅच दिलेली असेल तर तीच बनवा. इथे सांगतो ती मांडणी बऱ्याच विमानांत दिसते : बाजूला हँडल, त्याने फिरणारा आडवा शाफ्ट, शाफ्टवर दोन आकडे आणि कॅनोपीच्या चौकटीवर दोन पिना.

आधी पुठ्ठ्याचा आकडा कापा, पूर्ण मापाचा. सगळं मर्म त्याच्या आकारात आहे. पिनेला धरणारी कड शाफ्टच्या केंद्रापासून काढलेल्या वर्तुळाचा तुकडा हवी. मग पिनेची ओढ सरळ शाफ्टच्या केंद्रातून जाते आणि आकडा फिरत नाही. कड बाहेरच्या बाजूला उतरती राहिली, तर ओढ वाढेल तसा आकडा आपसूक सुटू पाहतो. तोंडापाशी अर्ध्या मिमीचा ओठ ठेवा. बंद करताना कॅनोपी खाली दाबली की रबराची पट्टी चेपते, पिन ओठ ओलांडते आणि हात काढला की खाचेत बसते.

आकडे ३ मिमी जाडीच्या ४१३० क्रोममॉली (मिश्रधातूच्या पोलादाच्या) पत्र्याचे करा. भंगारातली पट्टी कितीही मजबूत दिसली तरी नको, तिची जात ठाऊक नसते. कानस मारून दोन्ही आकडे एकत्र व्हाइसमध्ये धरूनच शेवटचं माप द्या. कडेची बर, म्हणजे कापताना राहिलेली खरखरीत धार, काढा, बारीक चर राहू देऊ नका. तडा तिथूनच सुरू होतो.

शाफ्ट ज्यांत फिरतो त्या बुशांसाठी, म्हणजे धातूच्या नळकांड्यांसाठी, सोलापुरात लांब जावं लागत नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लूमचे सुटे भाग करणाऱ्या लेथवाल्या अण्णांना गनमेटलचे बुश सांगितले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “फिरणार की घासणार?” मागासाठी आयुष्य घालवलेल्या माणसाची ती नजर होती. शाफ्ट हाताने फिरावा, पण हलवला तर खडखडू नये, एवढीच जागा ठेवा.

एक आकडा शाफ्टला वेल्ड करा, दुसरा बोल्टने. नाहीतर शाफ्ट बुशांतून घालताच येणार नाही. दुसऱ्या आकड्याचं भोक आधी पाडू नका. कॅनोपी बंद करून सी-क्लॅम्प लावा, दोन्ही पिना एकाच वेळी टेकतात हे पाहा आणि मग जागेवरच ३ मिमीचं भोक पाडून रीमरने (भोक नेमक्या मापाचं करणाऱ्या हत्याराने) एएन-३ या विमानी बोल्टच्या ४.७६ मिमीपर्यंत न्या. भोकाचं केंद्र काठापासून बोल्टच्या व्यासाच्या दुप्पट तरी लांब हवं. फिरणाऱ्या सांध्यावर नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला) नट पुरत नाही. तिथे खाचांचा नट आणि कॉटर पिन.

आता ऊन. कॅनोपीची काच म्हणजे अ‍ॅक्रिलिक, ते दर अंशाला मीटरमागे सुमारे ०.०७ मिमी वाढतं, अ‍ॅल्युमिनियम त्याच्या एक-तृतीयांश. डिसेंबरच्या पहाटे १५ अंश आणि मेच्या दुपारी ४२ अंश, म्हणजे मीटरभर काच जवळपास २ मिमी वाढते. माझी पहिली लॅच थंडीत लोण्यासारखी फिरायची आणि मे महिन्यात दोन्ही हातांनीही हलेना. म्हणून पिना काचेत कधीच नको, चौकटीतच बसवा. काचेतली भोकं स्क्रूपेक्षा मोठी ठेवा. पिनेखाली पातळ शिम (पत्र्याची चकती) घाला आणि एकदा पहाटे, एकदा भर दुपारी जुळवून पाहा. काचेजवळ अ‍ॅसिटोन किंवा पेट्रोलचा बोळा नेऊ नका, बारीक तडे जातात.

एका लॅचवर भरवसा ठेवू नका. हँडलशी काहीही संबंध नसलेली दुसरी खिटी लावा, जी हाताने वेगळी सोडवावी लागेल. पहिली निसटली तर कॅनोपी बोटभर उघडून तिथेच थांबावी. मायक्रोस्विच आणि लाल दिवा ही त्यावरची भर. अपघात झाल्यास लोकांना बाहेरूनही उघडता आली पाहिजे, म्हणून बाहेरच्या हँडलवर बाण आणि ‘उघडा’ असं मोठ्या अक्षरांत रंगवा.

उड्डाणाआधी हँडल बघून समाधान मानू नका, तळहाताने कॅनोपी वर ढकला. आणि हवेत उघडलीच, तर तिला पकडायला हात सोडू नका. वारा आणि आवाज घाबरवतो, पण अनेकदा अपघात होतो तो तिच्याशी झटापट करताना वेग हातातून निसटल्याने. नाक आणि वेग सांभाळा, सावकाश फेरी घेऊन उतरा, विमान थांबल्यावर ती बंद करा.