वर्गाची घडी बसत नाही? शिकवताना या चुका टाळा

आठवीच्या वर्गात मागच्या बाकावरचा एक पोरगा फार बोलायचा, म्हणून मी त्याला पुढे आणून बसवलं. आठवडाभरात मागच्या रांगेतल्या चार वह्यांत १/२ + १/४ = २/६ असं उत्तर आलं. विचारपूस केल्यावर उलगडा झाला. त्याच्या घरचे नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात भाजी विकतात आणि तो शेजारच्यांना सांगायचा, "अर्धा किलो न् पाव किलो मिळून पाऊण होते ना बे!" त्याची बडबड म्हणजे त्या रांगेची शिकवणीच होती, आणि ती मीच मोडली होती.

वर्ग म्हणजे पोरांची नुसती बेरीज, असं समजणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. वारुळात राणी कुणाला हुकूम देत नाही. मुंग्या एकमेकींच्या वासावरून वागतात आणि त्यातून रांग तयार होते. कुणी हुकूम न देता, एकमेकांशी वागण्यातूनच घडी बसते, जटिल प्रणाली म्हणतात ती हीच. वर्गही तसाच. तेव्हा जागा बदलण्याआधी दोन दिवस कोण कुणाला विचारतं, ते कागदावर बाण काढून टिपा. ज्याच्याकडे खूप बाण जातात, त्याला हलवू नका. ज्याचा एकही बाण नाही, त्याला अशा खूप बाणवाल्याच्या शेजारी बसवा.

दुसरी चूक घाईची. बर्फाला उष्णता देत राहिलं तरी तो पुरता वितळेपर्यंत तापमान ०° वरच राहतं. एका ग्रॅमला ८० कॅलरी आत मुरतात. हे दहावीला आपणच शिकवतो, पण चाचणीचे गुण हलले नाहीत की पंधरा दिवसांत पद्धत बदलतो. आधी वही बघा. चुकांचं रूप बदलत असेल, खाडाखोड वाढली असेल, तर थांबा. तीच चूक तशीच येत असेल, तर मात्र उष्णता पोचतच नाहीये. अशा वेळी एकच गोष्ट बदला. जागा, गृहपाठ आणि फळ्यावरची पद्धत एकदम बदलली तर कशानं काय झालं ते कळत नाही.

वह्या पंधरवड्यानं तपासू नका. चूक त्याच तासाला परत हातात पडली तरच सुधारते.

१९६१ साली हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी हवामानाच्या गणितात ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ हा आकडा घातला आणि पुढचं सगळं चित्र वेगळं निघालं. म्हणून वर्गात काहीही होऊ शकतं, आपल्या हाती काही नाही, असा अर्थ काढू नका. पुढच्या वर्षी १५ मेला किती तापेल ते आज सांगता येत नाही, पण नागपूरचा मे तापणार हे सांगता येतं. वर्गालाही असं वळण असतं. पोळा आणि दुसऱ्या दिवशीची मारबतीची मिरवणूक आटोपून पोरं परतली की ती जुन्याच सवयींवर जातात. त्या दिवशी नवा धडा उघडू नका. आधी जोड्या बसवा आणि सुट्टीआधीचं एक उदाहरण त्यांनाच एकमेकांना समजावू द्या.