हस्तिदंती मुठीच्या लष्करी तलवारी : कशा पारखाव्यात, कशा सांभाळाव्यात

तलवार हातात आली की नजर आधी पात्यावर जाते. हस्तिदंती मुठीच्या तलवारीत मात्र सुरुवात मुठीपासून करावी. तलवार खरी की बनावट, कोणत्या काळातली, कधी खोलून पुन्हा जोडलेली आहे का, आणि मुख्य म्हणजे ती कायद्याने विकत घेता येते का, या सगळ्यांची उत्तरे मुठीतच असतात. पाते उत्तम आणि मूठ गोत्यात आणणारी, अशा तलवारी बाजारात कमी नाहीत.

पहिली पायरी : काय शोधायचे ते ठरवा

‘लष्करी अधिकाऱ्यांच्या तलवारी’ हा विषय फार पसरट आहे. सुरुवातीला एखादा नमुना धरून चालावे. हस्तिदंती मूठ ज्यांत हमखास दिसते असे चार-पाच गट आहेत.

ब्रिटिश पायदळ अधिकाऱ्यांची १७८६ची सरळ पात्याची तलवार, म्हणजे स्पॅड्रून. पाते ३२ इंच लांब आणि मुठीजवळ १ इंच रुंद. मूठ बहुधा उभ्या पन्हळी कोरलेली, मधोमध धातूचा पट्टा, आणि परजेवर, म्हणजे हाताचे रक्षण करणाऱ्या धातूच्या भागावर, पाच गोळ्यांची नक्षी. रेजिमेंटच्या बटणांचा रंग सोनेरी की रुपेरी, त्यावर परजेचा धातू ठरत असे.

ब्रिटिश नौदलाची १८०५ची तलवार. कमांडर आणि त्यावरच्या हुद्द्यांना हस्तिदंती मूठ, लेफ्टनंट आणि मिडशिपमन यांना माशाच्या काळ्या कातडीची. त्यामुळे मुठीवरून मालकाच्या हुद्द्याचा अंदाज बांधता येतो. लेफ्टनंटच्या तलवारीवर नंतर हस्तिदंत चढवून किंमत वाढवण्याचा मोहही यातूनच होतो.

ब्रिटिश जनरलांची १८३१ची मामलुक धाटणीची, म्हणजे इजिप्तच्या मामलुक योद्ध्यांच्या तलवारीसारखी तलवार. वक्र पाते, परजेऐवजी आडवी दांडी, तिच्या टोकांना ओकच्या फळाचा आकार, मध्यभागी लॉरेलच्या वेढ्यात एकमेकांवर आडवे ठेवलेले खड्ग आणि दंड. इथे मूठ एकसंध नसते. पात्याच्या शेपटीच्या (मुठीत शिरणाऱ्या भागाच्या) दोन्ही बाजूंना हस्तिदंताच्या दोन पाट्या बसवून फुलाच्या आकाराच्या मुलामा दिलेल्या खिळ्यांनी जोडलेल्या असतात. हा नमुना आजही चालू आहे, म्हणून ‘जनरलची तलवार’ एवढ्यावरून ती जुनी ठरत नाही. अलीकडच्या तलवारींत हस्तिदंत नसतोच.

अमेरिकेत साधारण १८०० ते १८४० या काळात गरुडाच्या डोक्याचा माथा असलेल्या तलवारी लोकप्रिय होत्या. त्यांतल्या पुष्कळ बर्मिंगहॅममध्ये घडवून तिकडे पाठवलेल्या आहेत. मुठी हस्तिदंताच्या, तशाच हाडाच्याही. अमेरिकन मरीन अधिकाऱ्यांची मामलुक तलवार १८२०च्या दशकातली. ती १८५९मध्ये बंद झाली आणि १८७५मध्ये परत आली.

लॉइड्स पेट्रिऑटिक फंड या लंडनमधल्या निधीने युद्धातल्या शौर्यासाठी १८०३पासून दिलेल्या £३०, £५० आणि £१००च्या बक्षिसाच्या तलवारी सर्वांत मानाच्या. नवख्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. नकला आणि ‘सुधारलेले’ नग याच गटात जास्त.

दुसरी पायरी : मोजमाप आणि कायदा

हे काम पैसे देण्याआधीचे. बहुतेक जण ते नंतर करतात.

ब्रिटनचा हस्तिदंत कायदा २०१८चा, लागू झाला ६ जून २०२२पासून. हस्तिदंत असलेल्या वस्तूंची खरेदी-विक्री त्याने बंद केली आणि काही सवलती ठेवल्या. तलवारींना लागू पडेलशी वाटणारी सवलत अशी : वस्तू ३ मार्च १९४७पूर्वीची हवी, हस्तिदंत तिचा अविभाज्य भाग हवा आणि तो वस्तूतील एकूण सामग्रीच्या आकारमानाच्या १०%पेक्षा कमी हवा. ‘मूठ म्हणजे तलवारीचा लहानसा तुकडा, १०%च्या आतच असणार,’ असे विक्रेते सर्रास सांगतात. त्यांच्या शब्दावर जाऊ नका, स्वतः मोजा.

एक नमुनेदार स्पॅड्रून घ्या. मुठीची लांबी ९.५ सेंमी, आडवा छेद लंबगोल, २.८ गुणिले २ सेंमी. आकारमान = ०.७८५ × २.८ × २ × ९.५, म्हणजे जवळपास ४२ घन सेंमी. आतून शेपटी जाते, तिचे ५ वजा केले की हस्तिदंत उरतो ३७ घन सेंमी. हस्तिदंताची घनता साधारण १.८, म्हणून त्याचे वजन ६७ ग्रॅम. म्यानाशिवाय तलवारीचे वजन ७२० ग्रॅम असेल तर धातू ६५३ ग्रॅम. पोलाद आणि पितळ मिळून सरासरी घनता ८ धरा, धातूचे आकारमान ८२ घन सेंमी. एकूण ११९, त्यात हस्तिदंत ३७, म्हणजे ३१%. १०%च्या आत यायचे तर तलवारीत अडीच किलोहून जास्त धातू लागेल. एवढे ओझे कोणताही अधिकारी कमरेला बांधून कवायतीला उभा राहिला नसता.

वजनाच्या मानाने हस्तिदंत नगण्य वाटतो, पण तो हलका असल्याने आकारमानात त्याचा वाटा मोठा निघतो. त्यामुळे सबंध हस्तिदंती मुठीची तलवार ब्रिटनमध्ये या सवलतीत सहसा बसत नाही. दुसरी वाट १९१८पूर्वीच्या, असाधारण कलात्मक, सांस्कृतिक वा ऐतिहासिक मोलाच्या वस्तूंची. त्यासाठी प्रमाणपत्र काढावे लागते आणि नेमलेल्या संस्थांचे तज्ज्ञ वस्तू तपासतात. नाव कोरलेली, कागदपत्रांनी सिद्ध झालेली बक्षिसाची तलवार तिथे टिकू शकेल, साधी स्पॅड्रून नाही. मोबदला न घेता भेट देणे आणि वारसाहक्काने मिळणे यांना मात्र हा कायदा आड येत नाही.

अमेरिकेत मोजमापच वेगळे. ६ जुलै २०१६पासूनच्या संघीय नियमात आफ्रिकी हस्तिदंत २०० ग्रॅमपेक्षा कमी असलेल्या वस्तूंना अंतर्गत व्यापारात सवलत आहे. वरची ६७ ग्रॅमची मूठ वजनाच्या अटीत सहज बसते. पण हस्तिदंत देशात कधी आला आणि वस्तूच्या किमतीत त्याचा वाटा किती, अशा आणखी अटी आहेत आणि त्या सर्व एकाच वेळी पाळाव्या लागतात. शिवाय राज्यांचे कायदे निराळे. न्यूयॉर्क शंभर वर्षांहून जुन्या वस्तूत २०%पेक्षा कमी हस्तिदंत चालवून घेते, तर कॅलिफोर्निया ५%पेक्षा कमी. म्हणजे ३१% हस्तिदंताची तलवार दोन्हीकडे अडते. देशाची सीमा ओलांडायची तर साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे परवाने वेगळे. भारतात हस्तिदंताचा व्यापार बंद आहे, तेव्हा परदेशातल्या लिलावात बोली लावून मागवून घेण्याचा विचार सोडलेलाच बरा.

खरेदी कायदेशीर असेल तिथे विक्रेत्याकडून तारीख असलेली जुनी पावती, लिलावाच्या सूचीचे पान किंवा जुने छायाचित्र मागून घ्या. वस्तू जुनी असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी पुढे तुमच्यावर येणार असते.

तिसरी पायरी : हस्तिदंतच आहे का?

साधने थोडीच लागतात : दहापट मोठे दाखवणारे भिंग, छोटी विजेरी, ३६५ नॅनोमीटरची अतिनील विजेरी आणि कॅलिपर.

हत्तीच्या दाताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते, ती श्रेगर रेषांची. बाहेरच्या कडेजवळ या रेषांमधला कोन आजच्या हत्तीत ११५ अंशांहून मोठा असतो, मॅमथमध्ये ९० अंशांहून लहान. घोळ असा की एकसंध मुठीत आडवा छेद वरच्या टोपीखाली आणि तळाच्या कड्याखाली झाकलेला असतो. बाजूने दिसतात त्या फक्त लांबीच्या दिशेने जाणाऱ्या, किंचित नागमोडी, फिकट-गडद रेघा. म्हणून जिथे मूठ टोकाला गोलाई घेते तिथे विजेरी तिरपी धरून पाहा. मामलुक मुठीचा वाकलेला माथा त्यासाठी सोयीचा, तिथे जाळी बहुधा उघडी पडते.

हाडात जाळी नसते. भिंगाखाली बारीक काळपट ठिपके किंवा आखूड रेघा दिसतात, त्या हाडातल्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या. शेकडो वर्षांचा मळ त्यांत बसलेला असतो. वॉलरसच्या सुळ्याचा गाभा रवाळ, संगमरवरासारखा.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांपासून सेल्युलॉइड वापरात आले. त्यात मुद्दाम रेघा घातलेल्या असतात, पण त्या सरळ, समांतर आणि सारख्या अंतराच्या, आणि जाळी कुठेच नाही. बोटाने जोराने चोळल्यास कापराचा वास येऊ शकतो. अतिनील प्रकाशात हस्तिदंत निळसर पांढरा चमकतो, सेल्युलॉइड सहसा मंद पिवळट-तपकिरी दिसते. जुन्या हस्तिदंताचा पृष्ठभागही पिवळसर चमकू शकतो, म्हणून एकट्या या चाचणीवर निकाल देऊ नये.

तापलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. तो मनावर घेऊ नका. हस्तिदंतावर कायमचा डाग पडतो आणि सेल्युलॉइड पेट घेते.

मूठ सेल्युलॉइडची निघाली तर हस्तिदंताच्या कायद्याचा प्रश्नच उरत नाही. पण जुने सेल्युलॉइड कुजताना आम्लयुक्त वाफ सोडते आणि शेजारचे धातू गंजवते. अशी तलवार बाकीच्यांबरोबर बंद पेटीत ठेवू नये.

चौथी पायरी : मूठ मूळची आहे का?

आता मुठीचा तळ पाहा. हस्तिदंत आणि धातूचे कडे जिथे भेटतात, तिथे मूळ जोडणीत फट नसते किंवा केसाएवढी असते आणि तिच्यात जुना मळ घट्ट बसलेला असतो. पांढरी, स्वच्छ, रुंद फट म्हणजे मूठ बदलली किंवा काढून घातली. मग माथ्यावर पाहा. शेपटीचे टोक टोपीतून वर काढून ठोकून बसवलेले असते. तिथे ताजे, चकचकीत हातोडीचे ओरखडे असतील तर तलवार अलीकडे उघडलेली आहे.

पन्हळी असलेल्या मुठीत झीज तळहात आणि बोटे टेकतात तिथे जास्त हवी. सगळीकडे सारखी झीज म्हणजे कानशीचे काम. रंगाचेही तसेच. हस्तिदंत अंधारात पिवळा पडतो आणि उजेडात फिकटतो, म्हणून भिंतीवर टांगलेल्या तलवारीची एक बाजू दुसरीपेक्षा पांढरी असते. चहात बुडवून जुनी केलेली मूठ एकसारखी तपकिरी दिसते आणि पन्हळीच्या तळाशी रंग साचलेला असतो.

उभ्या बारीक भेगा हा दोष नव्हे, जुन्या हस्तिदंतात त्या असायच्याच. भेग तळापासून माथ्यापर्यंत सलग आणि तोंडाशी रुंद असेल तर आत शेपटी गंजते आहे. गंज फुगतो आणि हस्तिदंताला आतून फोडतो. भेगेच्या कडेला तांबूस डाग दिसला की अशी तलवार सोडून द्यावी. ती वाढत जाणारी दुरुस्ती आहे. पितळेलगतचा हिरवा कळक तेवढा गंभीर नाही, पण त्याचा डाग निघत नाही.

पाचवी पायरी : काळ ठरवा

पात्यावर ब्रिटिश राजचिन्ह असेल तर काम सोपे होते. ढालीत फ्रान्सची लिलीची फुले असतील तर पाते १८०१च्या आधीचे, कारण त्या वर्षी ती काढली गेली. १८०१ ते १८१६ या काळात ढालीच्या मध्यभागी असलेल्या हॅनोव्हरच्या छोट्या ढालीवर इलेक्टरची (तिथल्या शासकाची) टोपी, १८१६ ते १८३७ मुकुट, आणि १८३७नंतर ती छोटी ढालच नाही.

पात्याच्या पाठीवर मुठीजवळ जे. जे. रुंकेल, झोलिंगेन अशी अक्षरे असतील तर ते जर्मनीतून आयात केलेले, साधारण १७९५ ते १८०८च्या दरम्यानचे. ऑसबर्न आणि गिल ही बर्मिंगहॅमची नावे, प्रॉसर लंडनच्या चेअरिंग क्रॉसचा. म्यानावर दुकानाचा पत्ता असल्यास जुन्या व्यापारी निर्देशिकांत तो पाहावा. दुकाने जागा बदलत, त्यावरून तारीख आवळता येते. अधिकाऱ्याचे नाव कोरलेले असेल तर ‘लंडन गॅझेट’ या ब्रिटिश सरकारी राजपत्रात नेमणूक आणि बढती शोधा. तो त्या हुद्द्यावर पोचला त्याआधीच्या तारखेची, पण त्याच हुद्द्याची तलवार निघाली, तर नाव नंतर कोरले गेले असावे.

१७९०-१८१५च्या निळ्या-सोनेरी पात्यांत निळा थर म्हणजे तापवून आणलेला अतिपातळ ऑक्साइड. गंजाच्या खड्ड्यांच्या आतही निळा रंग दिसला तर तो नंतर चढवलेला.

सांभाळणे

पोलादाला कोरडी हवा मानवते, हस्तिदंताला मध्यम. सिलिका जेल भरलेल्या हवाबंद पेटीत पाते छान राहते आणि मूठ तडकते. सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५०% ठेवा, आणि पात्यासाठी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. तेलच वापरायचे तर टोक खाली धरून, थेंबभर. उलटे धरल्यास तेल परजेतून ओघळत मुठीत शिरते आणि हस्तिदंतावर न निघणारा पिवळा डाग पाडते.

मूठ स्वच्छ करायची तर आधी कोरडा मऊ ब्रश. तेवढ्याने भागले नाही तर कापसाची काडी ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून जवळजवळ कोरडी पिळा, नाण्याएवढी जागा पुसा, लगेच टिपा, मग पुढची जागा. हिरव्या रंगाने रंगवलेल्या मुठींना पाणी अजिबात लावू नका. लिंबू, ब्लीच, टूथपेस्ट, साबण सगळे वर्ज्य. परजेवरचा मुलामा पाऱ्याच्या प्रक्रियेचा आणि अतिशय पातळ असतो. पितळ घासायच्या पॉलिशने तो दोन-तीन वेळांत उडतो आणि खालचे पिवळे पितळ उघडे पडते.

मूठ हलत असेल तर आत गोंद ओतू नका. एपॉक्सी एकदा बसला की पुढच्या दुरुस्तीसाठी मूठ न फोडता निघत नाही. तशीच आडवी ठेवा आणि संवर्धकाला दाखवा.

तलवार चामड्याच्या म्यानात ठेवू नये. चामडे दमट हवा धरून ठेवते आणि त्यातली आम्ले पाते गंजवतात. म्यान वेगळे, तलवार वेगळी, दोन्ही आम्लरहित कागदात. रबरबँड किंवा रंगीत कापड मुठीला लागू देऊ नका, दोन्हींचा डाग बसतो. दर तीन महिन्यांनी भेगांचे फोटो त्याच कोनातून, बाजूला मोजपट्टी धरून काढा आणि आधीच्यांशी ताडून पाहा. भेग रुंदावली असेल तर प्रथम खोलीतली आर्द्रता मोजा.